खालांच्या खोलीतला उजेड

भाईंदर सुटले आणि गाडी खाडीच्या पुलावर आली, तसा डब्यातला उजेड बदलला. जुलैचा पहिला आठवडा होता. आभाळ राखाडी, पाणी राखाडी आणि मधोमध पाणजू बेटाची हिरवी रेघ. दादरपासून उभ्या असलेल्या बायकांनी ओढण्या-पदर सावरले, पिशव्या हातात घेतल्या. नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार अशी उतरण्याची घाई आता सुरू होणार होती. आम्ही दोघी बहिणी खिडकीच्या गजांना धरून बाहेर पाहत होतो. उन्हाळ्यात खाडीकाठच्या मिठागरांत मिठाचे ढीग असे चमकतात, की डोळे दिपतात. आता ती मिठागरे पावसाच्या पाण्याने भरून गेली होती आणि त्यांत नुसते आभाळ पडले होते.

आम्ही निघालो होतो खालांकडे. चार दिवसांपूर्वी भाईजानचा, म्हणजे खालांच्या मुलाचा फोन आला होता. "अम्मीला काहीतरी होतंय. दिवसभर पडून असते. जेवण टाकते. सकाळी अकरा वाजता विचारते, मगरिब झाली का? रात्री दोनला उठून वजूला जाते. परवा अंधारात धडपडली. आम्हाला वाटतं, तिचं डोकं आता साथ देत नाही. तुम्ही एकदा येऊन बघा."

खाला म्हणजे आमच्या अम्मीची धाकटी बहीण. वय सत्तरीच्या पुढचे. ज्या बाईने पापड लाटता लाटता आम्हाला पाढे पाठ करून घेतले, तिच्या डोक्याविषयी असे ऐकणे जड गेले. अम्मी आता नाही. तिच्या नंतर खालाच आमच्या अम्मी. म्हणून दोघींनी घरची कामे कुणाकुणावर सोपवली आणि विरार फास्ट पकडली.

नालासोपारा हे नाव आज ऐकले, की गर्दीच डोळ्यांपुढे येते. पूर्वेला उतरले, की रिक्षा, हातगाड्या, एकमेकींना खेटलेल्या इमारती. 3 जुलै 2009 रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. पण या नावातला सोपारा फार जुना. प्राचीन काळी शूर्पारक म्हणून ओळखले जाणारे हे बंदर. अरब भूगोलकारांनी त्याला सुबारा म्हटले. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे येथे सापडले आणि 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथला बौद्ध स्तूप उकरून काढला. रुळांच्या पश्चिमेला अजून तो जुना सोपारा गाव आहे. कौलारू घरे, तळे, वाड्या, मशीद आणि मोहल्ला. खाला लग्न होऊन त्याच मोहल्ल्यात आल्या आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ तेथेच राहिल्या. खालूजान गेले, घराच्या वाटण्या झाल्या आणि तीन वर्षांपूर्वी भाईजान त्यांना पूर्वेच्या फ्लॅटवर घेऊन आले. रूळ ओलांडला, की वीस मिनिटांचे अंतर. आम्हाला वाटायचे, एवढ्याने काय फरक पडतो?

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. एक खोली, एक स्वयंपाकघर, पुढे लहानशी गॅलरी. भाईजान, भाभी, दहावीला गेलेला मुलगा, धाकटी मुलगी आणि खाला. पाच माणसे. आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि घरात ट्यूबलाइट जळत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर हात लांब केला तर लागेल अशी दुसऱ्या इमारतीची भिंत. गॅलरी पावसासाठी निळ्या ताडपत्रीने बंद केलेली. तिच्या आत पाण्याचे पिंप, जुने कपाट, वाळत घातलेले कपडे. गॅलरीच्या दाराला जाड पडदा, कारण समोरच्या रस्त्यावरून थेट आत दिसते. ताडपत्रीतून येणारा उजेड निळसर, ट्यूबचा पांढराफटक. त्या दोन्हींच्या मधे, कपाटाच्या आडोशाला, भिंतीकडे तोंड करून खाला पडल्या होत्या.

"या पोरींनो," त्या म्हणाल्या आणि उठून बसल्या. आवाज तोच होता. मग त्यांनी आमच्या मुलांची विचारपूस केली, नावे एकाही चुकीशिवाय घेतली. पाच मिनिटांनी विचारले, "असर झाली का गं?" भाभीने आमच्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत जे होते ते कंटाळा नव्हता, भीती होती.

त्या दिवशी आम्ही एक चूक केली, ती आधी सांगतो. आम्हाला वाटले, खोली अंधारी आहे, तेव्हा भरपूर उजेड केला की झाले. दुपारीच स्टेशनजवळच्या दुकानातून सर्वांत तेजस्वी असा पांढरा एलईडी पॅनेल आणला आणि वायरमनला बोलावून खालांच्या बिछान्यावर बरोबर छताला बसवून घेतला. खोली लख्ख झाली. भाभी खूश, मुले खूश. खालांनी मात्र डोळ्यांवर ओढणी ओढली. रात्री नातू अभ्यासाला बसला, तेव्हा तो पॅनेल बारा वाजेपर्यंत जळत राहिला आणि खाला कूस बदलत राहिल्या. पहाटे म्हणाल्या, "बेटा, हा दिवा नाही, ही तर दवाखान्याची खोली आहे."

दुसऱ्या दिवशी पाऊस थोडा उघडला. खाला बऱ्याच महिन्यांत सोपाऱ्यात गेल्या नव्हत्या. आम्ही रिक्षा केली आणि त्यांना जुन्या घरी घेऊन गेलो. तेथे आता त्यांचे चुलत दीर राहतात.

हे घर आम्ही लहानपणी शंभरदा पाहिले असेल, पण त्याचा उजेड त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. पुढे उघडा ओटा, त्यावर छपराची पडवी. पडवीमुळे ऊन थेट आत येत नाही. अंगणात पडते, तेथून उसळते आणि मऊ होऊन बैठकीत शिरते. बैठकीच्या मागे माजघर. तेथे खिडकी एकच, तीही लहान. पण छपरात दोन काचेची कौले. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या लोकांनी 1865 साली मंगळुरात काढला. पुढे ही कौले साऱ्या किनाऱ्यावर पसरली आणि मातीच्या कौलांमध्ये एखाददुसरे काचेचे बसवण्याची रीत घरोघर रुजली. भिंतींना चुना. चुन्याची पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला बहुतेक भाग परत खोलीत टाकते. चुलीजवळ कोनाडा, त्याला आमच्याकडे ताक म्हणतात. वीज येण्यापूर्वी त्यात चिमणी ठेवत आणि ओट्यावर ओगल्यांचा प्रभाकर कंदील टांगत. सूरह नूरमध्ये कोनाड्यातल्या दिव्याची उपमा आली आहे, हे आपल्या घरातल्या मुलांनाही माहीत असते. पण दिवा कोनाड्यातच का, हे आम्हाला त्या ताकापाशी उभे राहिल्यावर समजले. मागची आणि बाजूंची भिंत उजेड गोळा करते, ज्योत वाऱ्यापासून सांभाळते आणि खोलीकडे एकच नरम झोत सोडते. डोळ्यांवर दिवा येत नाही, येतो तो उजेड.

खाला माजघरात पाटावर बसल्या होत्या. ढगांतून क्षणभर ऊन आले आणि काचेच्या कौलातून वहीच्या पानाएवढा उन्हाचा चौकोन धान्याच्या पेटीवर पडला. खालांनी त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "चला, जोहरची वेळ होत आली." आम्ही मोबाइल पाहिला. साडेबारा वाजून गेले होते.

मग त्यांनी सांगितले ते आम्ही ऐकत राहिलो. पावसाळ्यात हा चौकोन दुपारी पेटीवर, म्हणजे कौलाच्या जवळजवळ खाली पडतो. थंडीत तो दूर सरकतो आणि उत्तरेच्या भिंतीवर चढतो. असरच्या वेळी तो उंबऱ्याकडे जातो. मगरिबला ओट्यावरचा उजेड आधी पिवळा, मग तांबडा होतो आणि नारळांत कावळे परततात. "घड्याळ तुझ्या खालूंच्या हातात असायचं. मला कशाला लागायचं?"

आम्ही एकमेकींकडे पाहिले. खालांचे डोके साथ देत नव्हते असे नव्हते. त्यांचे घड्याळ जुन्या घराच्या छपरात राहून गेले होते.

खाला सांगत होत्या त्यात शास्त्र होते. वसई सुमारे 19.4 अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत येथे भरदुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि डिसेंबरात दक्षिणेला इतका कलतो, की दुपारीही क्षितिजापासून सुमारे 47 अंशांवरच राहतो. म्हणून चौकोन सरकतो. आपल्या पाच नमाजांच्या वेळा तर सूर्यावरच बांधलेल्या आहेत. पहाटेची रेघ, माध्यान्ह टळणे, सावली लांबणे, सूर्य बुडणे, संधिप्रकाश विरणे. ज्या घरात या पाच गोष्टी दिसतात, त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वेळ विचारावी लागत नाही. ज्या घरात सकाळी साडेदहाला आणि रात्री साडेदहाला तीच ट्यूब जळते, तेथे दिवस आणि रात्र यांच्यातला फरक घड्याळापुरता उरतो.

शरीरालाही तो फरक कळावा लागतो. उजेड डोळ्यांत शिरतो तेव्हा आपल्याला दिसते, हे हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल हैसम यांनी 'किताबुल मनाझिर' या ग्रंथात मांडले. त्याआधी पुष्कळ विद्वान समजत, की डोळ्यांतूनच किरण बाहेर पडतात. पण उजेड डोळ्यांत जाऊन पाहण्याखेरीज आणखी एक काम करतो, हे अलीकडे कळले. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा आहेत, की त्या वस्तू दाखवण्यापेक्षा मेंदूतल्या घड्याळाला दिवसाची खबर देण्याचे काम करतात. 2002 मध्ये या पेशींचे काम स्पष्ट झाले. निळसर उजेडाला त्या जास्त जागतात. सकाळच्या आभाळात तो उजेड भरपूर असतो, मावळतीला कमी होतो. संध्याकाळी तो कमी झाला, की शरीरात मेलाटोनिन वाढू लागते आणि झोपेची तयारी होते. आपल्या पेशींमधले हे रोजचे घड्याळ कसे चालते, ते उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना 2017 चे नोबेल मिळाले.

आता खालांच्या खोलीचा हिशेब पाहा. उजेड लक्स या मापात मोजतात. नातवाने मोबाइलवर मोजण्याचे अॅप घेतले. ते अगदी अचूक नसते, पण इकडे जास्त की तिकडे, एवढे समजते. सकाळी अकरा वाजता खालांच्या उशाशी आकडा वीसच्या आसपास. ताडपत्रीचा कोपरा उचलून गॅलरीत हात धरला, तर सातशे. जुन्या घराच्या ओट्यावर, आभाळ भरलेले असताना, तीन हजारांच्या वर. म्हणजे ढगाळ दिवसाचा ओटाही खोलीपेक्षा शंभर पटींनी उजळ. आपले डोळे सरावतात म्हणून हा फरक जाणवत नाही. शरीराला मात्र जाणवतो. खालांचे दिवस अंधारे होते आणि रात्री, आमच्या नव्या पॅनेलमुळे, जास्तच उजळ झाल्या होत्या. आम्ही औषध उलट्या वेळी दिले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी नातवंडांना घेऊन वसईच्या किल्ल्यावर गेलो. मुलांचा हट्ट होता आणि आम्हालाही मोकळी हवा हवी होती. 1534 च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगिजांना दिली. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. आत आता छपरे गेलेल्या चर्चच्या उंच भिंती, झाडे आणि ओले गवत. एका चर्चच्या भिंतींमध्ये उभे राहून धाकटीने विचारले, "इथे आत आहोत की बाहेर?" प्रश्न चांगला होता. भिंती जाड, कमानी खोल, त्यामुळे उजेड कमानीच्या कडेवर घासून, हळूहळू आत येत होता. कुठेच डोळ्यांवर येत नव्हता. वसई ज्या गुजरातच्या सल्तनतीत होती, तिच्याच अखेरच्या दिवसांत, 1572-73 मध्ये, अहमदाबादला सिदी सय्यद मशीद बांधली गेली. तिच्या दगडी जाळ्या आम्ही पाहिल्या आहेत. बाहेर डोळे दिपवणारे ऊन असते, आत जाळीतून उजेडाचे बारीक तुकडे पडतात. हवा येते, आतले बाहेर दिसत नाही, बाहेरचे ऊन आत टोचत नाही. पडदा आणि उजेड यांचे भांडण नाही, हे आपल्या कारागिरांनी कितीतरी आधी दाखवून दिले आहे. भांडण आपल्या जाड पडद्याचे आहे.

परत येताना गाडीत आम्ही यादी केली. त्या यादीप्रमाणे पुढच्या चार दिवसांत जे केले, ते वाचक भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून तपशिलाने लिहितो.

सर्वांत आधी दिव्यांना हात लावला नाही. गॅलरी रिकामी केली. जुने कपाट भंगारात गेले, पिंप स्वयंपाकघरात गेले. निळी ताडपत्री काढून तिच्या जागी पारदर्शक प्लास्टिक लावले, तेही वर गुंडाळता येईल असे. दमट आणि उष्ण हवामानात खोलीच्या जमिनीच्या निदान एक षष्ठांश एवढ्या खिडक्या असाव्यात, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. म्हणजे एकशेवीस चौरस फुटांच्या खोलीला वीस चौरस फूट. खालांच्या खोलीला गॅलरीच्या दाराने ते मिळतही होते. आपणच ते बंद केले होते.

मग पडदा. जाड पडदा काढून दाराच्या खालच्या अर्ध्या भागाला सुती पांढरा पडदा लावला, वरचा अर्धा मोकळा ठेवला. रस्त्यावरून येणारी नजर खालच्या भागात अडते. आभाळ वरच्या भागातून येते आणि खोलीत खोलवर जाणारा उजेड वरूनच येतो. भाभीची काळजी होती ती याच पडद्याची. संध्याकाळी दिवे लागल्यावर ती स्वतः खाली रस्त्यावर जाऊन पाहून आली आणि मगच हो म्हणाली.

खालांचा बिछाना फिरवला. तोंड भिंतीकडे होते, ते गॅलरीकडे केले. फजरनंतर अर्धा-पाऊण तास गॅलरीत खुर्ची टाकून तेथेच तस्बीह आणि चहा, असे ठरले. पाऊस असो वा नसो. ढगाळ सकाळही खोलीतल्या ट्यूबपेक्षा कितीतरी उजळ असते, हे मोबाइलने दाखवून दिले होते.

आता दिवे. एलईडीच्या खोक्यावर एक आकडा छापलेला असतो आणि त्याच्यापुढे के हे इंग्रजी अक्षर. तो उजेडाचा रंग सांगतो. 2700 किंवा 3000 म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा, 4000 म्हणजे मधला, 6500 म्हणजे निळसर पांढरा. आकडा मोठा म्हणजे दिवा चांगला, असे नाही. मेणबत्तीचा उजेड साधारण 1900 च्या आसपास भरतो. आपल्याकडे सरसकट 6500 चे दिवे घेतले जातात, कारण दुकानात ते उजळ वाटतात. दिवा किती उजळ, हे ल्युमेनचा आकडा सांगतो. नऊ वॅटचा साधा एलईडी बल्ब आठशे-नऊशे ल्युमेन देतो आणि घराच्या एका कोपऱ्याला तो पुष्कळ होतो.

छताचा तो पॅनेल उतरवून स्वयंपाकघराच्या ओट्यावर, फळीच्या खाली लावला. तेथे तो कामाचा ठरला. भाभी म्हणाली, इतकी वर्षे मी माझ्याच सावलीत भाजी चिरत होते. खोलीत दोन पिवळसर बल्ब भिंतीवर असे लावले, की त्यांचा झोत छताकडे जाईल आणि तेथून परत खाली येईल. पडून राहणाऱ्या माणसाला छतावरचा उघडा दिवा थेट डोळ्यांत दिसतो, हे उभे राहून दिवा लावणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आमच्याही आले नव्हते. नियम सोपा आहे. आजारी माणसाच्या उशीवर स्वतः डोके टेकवा आणि मग दिव्याची जागा ठरवा.

नातवासाठी टेबलावरचा लहान दिवा आणला. त्याचा उजेड वहीवरच पडतो. तो उजव्या हाताने लिहितो, म्हणून दिवा डावीकडे. आता तो बारापर्यंत वाचतो आणि बाकीची खोली अंधारात झोपते. एका खोलीच्या घरात एकाचा अभ्यास आणि दुसऱ्याची झोप यांची रोजची कुरबुर असते. अनेक घरांत ती स्वभावाची म्हणून भांडली जाते. आमच्या भाईजानच्या घरी ती निम्मी दिव्याची निघाली.

तिलावतीसाठी खालांच्या मागून, खांद्याच्या वरून येणारा एक दिवा. साठीच्या माणसाच्या डोळ्यांत पडद्यापर्यंत पोहोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांश असतो. म्हणजे म्हाताऱ्या माणसांना वाचायला जास्त उजेड लागतो आणि तोच उजेड समोरून डोळ्यांवर आला तर ती जास्त दिपतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

शेवटी रात्रीचा दिवा. बिछान्यापासून मोरीपर्यंतच्या वाटेवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक बारीक तांबूस दिवा. पाऊल कुठे पडते तेवढे दिसते, झोप मोडत नाही. रात्री झोपण्यापूर्वी दिवे विझवावेत, अशी शिकवण हदीसमध्ये आहे आणि त्यामागे आगीची भीती सांगितली आहे. आज वातीची भीती उरली नाही, पण जुन्या वायरी आणि एकाच प्लगवर लादलेली चार उपकरणे यांची भीती आहेच. म्हणून हे सारे वायरमनकडूनच करून घेतले, स्वतः जोडाजोडी केली नाही. एकूण खर्च, मजुरीसह, अडीच हजारांच्या आत आला. निम्म्याहून अधिक काम तर फुकट झाले. सामान हलवणे, बिछाना फिरवणे आणि पडदा.

डॉक्टरांकडे नेणे मात्र टाळले नाही, आणि कुणी टाळू नये. आमच्या समाजात घरातले वडीलधारे गप्प झाले, की वय झाले म्हणून सोडून देतात. डॉक्टरांनी खालांना वार, महिना, नातवंडांची नावे, वजाबाकी असे बरेच विचारले. खालांनी सगळे बरोबर सांगितले आणि वर डॉक्टरांनाच विचारले, "तुमचे आईवडील कुठे राहतात?" डॉक्टर म्हणाले, इतक्यात विस्मरणाचे नाव घेऊ नका, पण मन खचले आहे, त्याकडे लक्ष द्या. रक्त कमी होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मोतीबिंदूत उजेड डोळ्यांच्या आत विखुरतो, त्यामुळे समोरचा पांढरा दिवा असह्य होतो. त्या पॅनेलने आम्ही खालांना किती त्रास दिला, ते तेव्हा पुरते समजले. गोळ्या सुरू झाल्या आणि नोव्हेंबरात एका डोळ्याचे ऑपरेशन झाले.

डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी खाडी निळी होती. आम्ही पोहोचलो तेव्हा खाला गॅलरीत खुर्चीवर लसूण सोलत बसल्या होत्या. गॅलरी दक्षिणेला आहे. जुलैत तेथे भरदुपारी उन्हाचा कण नव्हता. आता कललेला सूर्य गॅलरीच्या कठड्यावरून आत येऊन खोलीच्या फरशीवर तीन-चार फूट लांब पट्टा टाकत होता. खालांनी आम्हाला ती फरशी दाखवली. तिच्या एका कोपऱ्याला त्यांनी खडूने खूण केली होती. "इथे आला की जोहर. रोज थोडा सरकतो, म्हणून शुक्रवारी खूण पुसून नवी करते."

भाभी म्हणाली, आता त्या वेळ विचारत नाहीत असे नाही, पण कमी विचारतात. रात्री बहुतेक वेळा पहाटेपर्यंत झोपतात. धडपडल्या नाहीत, अल्हम्दुलिल्लाह. यात ऑपरेशनचे श्रेय किती, गोळ्यांचे किती आणि दिव्यांचे किती, याचा हिशेब आम्हाला मांडता येणार नाही. मांडण्याची गरजही वाटत नाही. एक मात्र खरे, की आमच्यापैकी कुणीही तीन वर्षांत त्या बिछान्यावर पडून वर पाहिले नव्हते.

सगळे ठीक झाले, असेही नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य बुडाला. भाभीने छताचा पांढरा दिवा न लावता भिंतीवरचे दोन पिवळे लावले. मगरिब झाली. जानमाजची घडी घालता घालता खाला म्हणाल्या, "उजेड तर आणलात गं. ओट्यावर येऊन बसणाऱ्या बायका कुठून आणाल?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. भाईजान जवळच बसले होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "अम्मी, जुम्म्याला जुन्या घरी सोडत जाईन. संध्याकाळी घ्यायला येईन." खालांनी मान हलवली. वीस मिनिटांचे अंतर आहे. तीन वर्षांत ते कुणाला सुचले नव्हते. रिक्षा स्टँडवर मिळते.